कार्बन-१३ टिकतो, मग कार्बन-१४ का नाही?

अणुरेणू (धागाकर्ता)

शाळेच्या पुस्तकात कार्बनच्या समस्थानिकांचा एक तक्ता असतो. कार्बन-१२ मध्ये ६ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉन, कार्बन-१३ मध्ये ६ आणि ७, कार्बन-१४ मध्ये ६ आणि ८. प्रोटॉन ६ म्हणून इलेक्ट्रॉनही तिघांत ६. खाली एक ओळ: पहिले दोन स्थिर, तिसरा किरणोत्सारी. धडा संपला.

मला विचाराल तर धडा तिथे सुरू व्हायला हवा. सातवा न्यूट्रॉन चालतो आणि आठवा चालत नाही, हे ठरवतं कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "न्यूट्रॉन जास्त झाले की अणू अस्थिर होतो." यातून काही म्हणजे काही कळत नाही. ऑक्सिजन-१८ मध्ये ८ प्रोटॉन आणि १० न्यूट्रॉन आहेत. तिथेही दोन जास्तच, आणि तो ठणठणीत स्थिर. शिसं-२०८ मध्ये तर ८२ प्रोटॉनना १२६ न्यूट्रॉन आहेत, तेही स्थिर. 'जास्त' म्हणजे नेमके किती, हे कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना लागू पडेल असा आकडाच नाही.

माझं म्हणणं असं, की टिकणं-न टिकणं हा एकट्या अणूचा गुण नाही. त्याच वस्तुमानांकाचा (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज तेवढीच असलेला) शेजारी कोण, आणि तो याच्यापेक्षा हलका की जड, हे बघावं लागतं. बीटा ऱ्हासात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. एकूण कण तेवढेच राहतात, मूलद्रव्य मात्र एक घर पुढे सरकतं. म्हणजे कार्बन-१३ ला जायचं झालं तर नायट्रोजन-१३ कडे आणि कार्बन-१४ ला नायट्रोजन-१४ कडे. आता वस्तुमानं बघा (अणुवस्तुमान एककात, इलेक्ट्रॉन धरून):

कार्बन-१३: १३.००३३५५
नायट्रोजन-१३: १३.००५७३९

कार्बन-१४: १४.००३२४२
नायट्रोजन-१४: १४.००३०७४

पहिल्या जोडीत नायट्रोजन जड आहे. कार्बन-१३ ला तिकडे जायचं तर बाहेरून ऊर्जा आणावी लागेल, ती कोण देणार? उलट नायट्रोजन-१३ च सुमारे १० मिनिटांच्या अर्धायुष्याने (म्हणजे तेवढ्या वेळात निम्मे अणू बदलतात) कार्बन-१३ होतो. दुसऱ्या जोडीत कार्बन जड आहे, पण किती, तर ०.०००१६८ एकक. इतकासा फरक, तरी पुरतो. पाण्याला वाहायला उतार लागतो. तो किती तीव्र आहे यावर फार तर वेग ठरेल.

(वेगाचं प्रकरण कार्बन-१४ मध्ये भलतंच विचित्र आहे, पण ते कुणी विचारलं तर.)

निव्वळ_वाचक

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिला प्रतिसाद. हिरा, ग्रॅफाइट आणि कोळसा यांतला कोण कुठला समस्थानिक? हिरा म्हणजे कार्बन-१२ का?

अणुरेणू (धागाकर्ता)

स्वागत! नाही हो, ती वेगळी भानगड. हिरा आणि ग्रॅफाइट ही कार्बनची अपरूपं. तिथे फरक पडतो तो अणू एकमेकांना कसे जोडलेत याने: हिऱ्यात प्रत्येक अणूला चार शेजारी, ग्रॅफाइटच्या थरात तीन. हा सगळा कारभार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. समस्थानिकांचा फरक अणुकेंद्राच्या आत असतो. कुठलाही नैसर्गिक हिरा घ्या, त्यात साधारण ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ चे आणि १.१ टक्के कार्बन-१३ चे. ग्रॅफाइटमध्येही तेच.

दोन्ही गोष्टी एकत्र येतात अशी एक जागा मात्र आहे. कार्बन-१३ जवळजवळ काढून टाकून बनवलेला कृत्रिम हिरा साध्या हिऱ्याच्या सुमारे दीडपट चांगली उष्णता वाहतो. जाळीतले सगळे अणू एकाच वजनाचे असले की कंपनं अडखळत नाहीत.

खवचट_खार

म्हणजे न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. मग तो इलेक्ट्रॉन आधी न्यूट्रॉनच्या पोटात बसलेला होता का? वर तर म्हणता इलेक्ट्रॉन सहाच. सातवा आला कुठून?

मंदगती

खारूताई, प्रश्न खवचट नाही, जुना आहे. १९३२ साली चॅडविकला न्यूट्रॉन सापडेपर्यंत भले भले असंच मानत होते, की अणुकेंद्रात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही कोंबलेले असतात. त्या हिशोबाने नायट्रोजन-१४ च्या केंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१ कण. यातल्या प्रत्येकाचं फिरकीमूल्य (स्पिन) अर्धा. विषम संख्येने अर्धे एकत्र आले की बेरीज कधीच पूर्णांक होत नाही. आणि प्रयोगात नायट्रोजन-१४ ची फिरकी आली चक्क १. हिशोब तिथेच कोलमडला. ७ प्रोटॉन अधिक ७ न्यूट्रॉन धरले की कण १४ होतात आणि पूर्णांक बिनबोभाट जमतो.

तर इलेक्ट्रॉन आत नसतो. तो त्या क्षणी तयार होतो. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन क्वार्क, प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन. एका डाउनचा अप होतो. डाउनचा भार उणे एक तृतीयांश, अपचा अधिक दोन तृतीयांश, म्हणजे पूर्ण एक एकक भार वाढला. तो फिटावा म्हणून एक उणे भार बाहेर जायला हवा, तो म्हणजे हा इलेक्ट्रॉन. त्याच्याबरोबर प्रतिन्यूट्रिनो नावाचा एक भाररहित, जवळजवळ वजनरहित कणही निघतो. हे सगळं दुर्बल बलाच्या डब्ल्यू कणामार्फत चालतं.

प्रतिन्यूट्रिनोचा पुरावा कार्बन-१४ मध्येच दिसतो. मोकळी होणारी ऊर्जा दर वेळी १५६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ठरलेली. पण बाहेर आलेले इलेक्ट्रॉन मोजले तर कुणाकडे १०, कुणाकडे ६०, कुणाकडे १४०. सरासरी जेमतेम ४९. उरलेली ऊर्जा गुपचूप घेऊन जाणारा कुणीतरी असणार, असं पाउलीने १९३० मध्ये मांडलं ते बीटा ऱ्हासातल्या याच कोड्यावरून.

खवचट_खार

पटलं. पण उपप्रश्न: नवीन नायट्रोजनला ७ इलेक्ट्रॉन हवेत, आणि जवळ तर कार्बनचे ६ च. तयार झालेला तर पळाला.

मंदगती

बरोबर पकडलंत. जन्मतः तो धन आयनच असतो, एक इलेक्ट्रॉन कमी असलेला. आजूबाजूला इलेक्ट्रॉनांची काय कमी, कुठून तरी एक उचलतो. मात्र हा कार्बन एखाद्या रेणूत चार बंध धरून बसला असेल तर तिथे अचानक नायट्रोजन येऊन बसतो. त्याची संयुजा वेगळी, त्यामुळे मूळचा रेणू मूळचा राहत नाही.

गणिती_गोगलगाय

धागाकर्त्याने आयते आकडे दिलेत, म्हणून म्हटलं सुट्या भागांपासून बेरीज करून बघू.

हायड्रोजनचा अणू (प्रोटॉन + इलेक्ट्रॉन) १.००७८२५, न्यूट्रॉन १.००८६६५.

कार्बन-१२ साठी सहा-सहा घेतले: ६.०४६९५० + ६.०५१९९० = १२.०९८९४०. प्रत्यक्ष वजन मात्र १२, तेही व्याख्येनेच. मग ०.०९८९४० एकक गेलं कुठे? कण एकमेकांना चिकटताना तेवढी ऊर्जा बाहेर पडली. १ एकक म्हणजे ९३१.४९४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे बंधनऊर्जा ९२.१६. (पुढचे सगळे आकडे याच मापात.)

याच रीतीने कार्बन-१३ ची येते ९७.११ आणि कार्बन-१४ ची १०५.२८.

आता गंमत बघा. सातवा न्यूट्रॉन आत घेताना मिळाले ९७.११ वजा ९२.१६, म्हणजे ४.९५. आठवा घेताना मिळाले १०५.२८ वजा ९७.११, म्हणजे ८.१७. जो आठवा न्यूट्रॉन 'जास्तीचा' म्हणून बदनाम, तो सातव्यापेक्षा कितीतरी घट्ट बसलाय!

रोखठोक

थांबा थांबा. मग मी पुढचा हिशोब करतो. नायट्रोजन-१४: सात हायड्रोजन ७.०५४७७५, सात न्यूट्रॉन ७.०६०६५५, बेरीज १४.११५४३०, त्यातून १४.००३०७४ गेले, उरले ०.११२३५६. म्हणजे बंधनऊर्जा १०४.६६.

कार्बन-१४ ची १०५.२८. म्हणजे कार्बन-१४ हा नायट्रोजन-१४ पेक्षा जास्त घट्ट बांधलेला आहे! बंधनऊर्जा जास्त तो जास्त स्थिर, हे सगळीकडे छापलेलं असतं. इथे जास्त घट्ट असलेला अणू कमी घट्ट अणूत बदलतोय. धागाकर्त्याचा उतार उलटा निघाला की काय?

अणुरेणू (धागाकर्ता)

या प्रश्नाचीच वाट बघत होतो. :)

उतार उलटा नाही, तुम्ही दोघांची बंधनऊर्जा लावून बघताय पण सुटे भाग वेगवेगळे आहेत. कार्बन-१४ च्या ढिगाऱ्यात ६ हायड्रोजन आणि ८ न्यूट्रॉन, नायट्रोजन-१४ च्या ढिगाऱ्यात ७ आणि ७. न्यूट्रॉन मुळातच हायड्रोजनच्या अणूपेक्षा ०.०००८४० एककाने जड, म्हणजे ०.७८२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टने महाग. कार्बन-१४ ने सुरुवातच तेवढ्या वरून केली. मग घट्ट बांधणीत त्याने ०.६२६ परत मिळवले. ०.७८२ वजा ०.६२६ म्हणजे ०.१५६. मंदगतींनी वर लिहिलेला १५६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आकडा हाच!

म्हणून मी वस्तुमानं मांडली, बंधनऊर्जा नाही. 'बंधनऊर्जा जास्त म्हणजे स्थिर' हे अंदाजाला ठीक आहे, पण एकाच वस्तुमानांकाच्या दोन शेजाऱ्यांत निवाडा करायला ते चालत नाही. तिथे अख्खं वजनच बघायचं.

आणि गोगलगाय, आठव्याच्या घट्टपणाचं कारण दुहेरी आहे. एक तर सातवा एकटा होता, आठव्याने त्याची जोडी जमवली. दुसरं म्हणजे ८ हा अणुकेंद्रातल्या जादूई आकड्यांपैकी एक: २, ८, २०, २८... तेवढे न्यूट्रॉन झाले की कवच भरतं. त्याच्यासमोर नायट्रोजन-१४ म्हणजे ७ आणि ७, दोन्हीकडे एकेक एकांडा. प्रोटॉन-न्यूट्रॉन दोन्ही विषम असलेले खरेखुरे स्थिर अणू अख्ख्या निसर्गात चारच: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. म्हणजे कार्बन-१४ हरला तो एका दुबळ्या गड्याकडून आणि अगदी थोडक्यात. न्यूट्रॉन आहे त्यापेक्षा जरासा हलका असता तर निकाल उलटा लागला असता.

रोखठोक

मान्य. ०.६२६ पुन्हा करून बघितलं, जुळतंय.

वाळूचे_घड्याळ

+१. वाचनखूण साठवली. आता ते वेगाचं विचित्र प्रकरण येऊ द्या.

मंदगती

ते माझ्याकडे लागलं, सदस्यनामच तसं आहे.

बीटा ऱ्हासात ढोबळ नियम असा, की मोकळी होणारी ऊर्जा जितकी जास्त तितका ऱ्हास झटपट. ट्रिटियमची (हायड्रोजन-३) ऊर्जा १८.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्धायुष्य १२.३ वर्षं. कार्बन-१४ कडे त्याच्या आठपट ऊर्जा, म्हणजे तो ट्रिटियमच्या कितीतरी आधी संपायला हवा. प्रत्यक्षात अर्धायुष्य ५७३० वर्षं. आणखी जवळची तुलना हवी तर गंधक-३५ घ्या. त्याची ऊर्जा १६७, जवळपास कार्बन-१४ इतकीच. अर्धायुष्य ८७ दिवस.

८७ दिवस कुठे आणि ५७३० वर्षं कुठे!

बरं, नियमांनी अडवलंय म्हणावं तर तसंही नाही. कार्बन-१४ च्या केंद्राची फिरकी ०, नायट्रोजन-१४ ची १, दोघांची समता (पॅरिटी) एकच. असा बदल नियमात पूर्ण बसतो. पण बदल घडण्याची शक्यता काढताना ज्या संख्यांची बेरीज होते, त्यात काही अधिक आणि काही उणे येतात आणि एकमेकांना जवळजवळ पूर्ण मारून टाकतात. उरतं ते शून्याच्या अगदी जवळचं काहीतरी. म्हणून वेग इतका मंद.

हे जुळून येतं कसं, यावर अनेक वर्षं डोकेफोड झाली. दोन-दोन कणांमधली बलं धरून हिशोब केला की कार्बन-१४ फार लवकर संपतो. २०११ मध्ये महासंगणकावर १४ च्या १४ कण घेऊन, तीन कण एकदम एकमेकांवर जे बल लावतात तेही धरून गणित केलं, तेव्हा ती काटाकाट नीट दिसली.

१९४० च्या फेब्रुवारीत बर्कलीला मार्टिन केमन आणि सॅम रूबेन यांनी ग्रॅफाइटवर ड्यूटेरॉनचा (हायड्रोजन-२ च्या केंद्रांचा) मारा करून कार्बन-१४ पकडला, तेव्हाही तो इतका चिवट निघेल असं वाटलं नव्हतं. त्याआधी जीवरसायनवाल्यांकडे खूण म्हणून वापरायला किरणोत्सारी कार्बन होता तो कार्बन-११, अर्धायुष्य २० मिनिटं. प्रयोग मांडेस्तोवर अर्धा पसार.

उत्खननप्रेमी

थोडक्यात, ती काटाकाट झाली नसती तर आमचा धंदाच बसला असता. ८७ दिवसांच्या घड्याळावर कुणाचं वय काढणार?

कार्बन-१४ जातो तो नायट्रोजन-१४ मध्ये, आणि येतो तोही नायट्रोजन-१४ मधूनच, हे अजून इथे आलं नाही म्हणून लिहितो. वैश्विक किरणांमुळे वातावरणात वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजन-१४ वर आपटला की आत शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर टाकतो. ७ प्रोटॉनचे राहिले ६, ७ न्यूट्रॉनचे झाले ८. तयार झाला कार्बन-१४. तो ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो, झाडं तो घेतात, झाडांतून प्राण्यांत. जिवंत असेपर्यंत भरणा चालू, मेल्यावर बंद. मग उरलाय किती त्यावरून वय काढायचं.

प्रमाण मात्र नगण्य. एक लाख कोटी (म्हणजे १ वर बारा शून्यं) कार्बन अणूंमागे साधारण एक. तरी अणू इतके लहान असतात की एका ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे ६००० कोटी अणू निघतात. आणि त्यातले फुटतात किती? मिनिटाला १३-१४. रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबीने ही पद्धत बसवली (१९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच) तेव्हा हे ऱ्हास एकेक करून मोजायचे, त्यासाठी ग्रॅमांनी कार्बन जाळावा लागे. आता त्वरक वापरून अणूच थेट मोजतात, मिलिग्रॅमभर नमुना बास होतो.

तिथे खरी अडचण होती ती याच नायट्रोजन-१४ ची. वजन पहिल्या पाच आकड्यांपर्यंत सारखं, वेगळं काढणार कसं? सुटका अशी झाली की यंत्रात आधी ऋण आयन करतात, आणि नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. दारातच गळतो.

निव्वळ_वाचक

मग डायनोसॉरचं वय पण असंच काढतात ना?

उत्खननप्रेमी

नाही! हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर येतो. एक ग्रॅम कार्बनमधले ६००० कोटी अणू दर ५७३० वर्षांनी निम्मे करत जा. साधारण ३६ वेळा निम्मे केले की एकच अणू उरतो. म्हणजे दोन लाख वर्षांत खेळ खलास. डायनोसॉर जाऊन ६.६ कोटी वर्षं झाली. प्रत्यक्षात ५० हजार वर्षांपलीकडेच मोजणं अवघड होतं, कारण तिथे मूळच्या पाव टक्क्याहूनही कमी उरलेलं असतं आणि हाताळताना लागलेला किंचितसा ताजा कार्बनही वय बिघडवतो. डायनोसॉरसाठी आजूबाजूच्या खडकांतले युरेनियम, पोटॅशियम असले लांब पल्ल्याचे गडी.

रोखठोक

आणि हवेतलं प्रमाण कायम सारखं होतं हे कशावरून? तो तर मला या पद्धतीतला कच्चा दुवा वाटतो.

उत्खननप्रेमी

सारखं नव्हतंच. म्हणून तर झाडांच्या वाढवलयांवरून दुरुस्ती-वक्र बनवलाय: वलयं मोजून खरं वर्ष कळतं, त्याच लाकडातला कार्बन-१४ मोजून 'कार्बन-वय' कळतं, दोन्ही समोरासमोर ठेवायचं. आणखी एक मजा म्हणजे प्रयोगशाळेतून येणारं कच्चं कार्बन-वय आजही लिबीच्या जुन्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यानेच काढतात, म्हणजे जुने-नवे अहवाल एकमेकांशी ताडता येतात. खरं वय त्या वक्रावरून मिळतं. आणि 'आजपासून इतकी वर्षं आधी' यातला 'आज' म्हणजे १९५०.

१९५० नंतर तर गोंधळच गोंधळ. हवेत केलेल्या अणुचाचण्यांतून इतके न्यूट्रॉन सुटले, की उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर हवेतल्या चाचण्या आवरल्या, तसा तो समुद्रात आणि झाडांत मुरत उतरत गेला. त्या उताराचा उपयोग उलटा करतात: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दातांचं, कागदाचं, चित्राच्या कॅनव्हासचं वर्ष बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतं.

स्पेक्ट्रमवाली

सगळे कार्बन-१४ च्या मागे. बिचाऱ्या कार्बन-१३ ची बाजू मी मांडते.

कार्बन-१२ मध्ये ६ आणि ६, सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या, केंद्राची फिरकी शून्य. चुंबकीय अनुनादाच्या (एनएमआर) यंत्रात तो मुका. कार्बन-१३ मध्ये सातवा न्यूट्रॉन एकटा, म्हणून फिरकी अर्धा, म्हणून तो बोलतो. सेंद्रिय रसायनातल्या रेणूंचा कार्बनी सांगाडा ओळखायचा तो या १.१ टक्का अणूंच्या भरवशावर. कमी असण्याचाही फायदा होतो. दोन ठरावीक शेजारी अणू एकाच रेणूत दोन्ही कार्बन-१३ असण्याची शक्यता दहा हजारांत एक. त्यामुळे कार्बन-कार्बन आंतरक्रियेने आलेख चिरफळत नाही, एका अणूची एक सरळ रेघ मिळते. कार्बन-१३ मुबलक असता तर तो आलेख वाचताना नाकी नऊ आले असते.

दुसरं, "समस्थानिकांचं रसायन एकच" हे वाक्य जरा जपून वापरावं. इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून बंध सारखे, हे खरं. पण जड अणू हळू कंप पावतो आणि त्याचा बंध तुटायला किंचित जास्त जड जातं. झाडांतलं रुबिस्को हे विकर कार्बन-१२ चा कार्बन डायऑक्साइड जरा पटकन उचलतं. त्यामुळे बहुतेक झाडांत कार्बन-१३ मानकापेक्षा हजारी २७ च्या आसपास कमी असतो. गवतवर्गातल्या मका, ऊस यांसारख्या सी-४ (प्रकाशसंश्लेषणाची रीत थोडी वेगळी असलेल्या) वनस्पतींत ही तूट हजारी १३ च्या आसपास. म्हणून नुसत्या साखरेचा नमुना तपासून ती कुठल्या प्रकारच्या झाडातून आली हे सांगता येतं. मधात बाहेरची साखर मिसळली असेल तर ती अशीच पकडतात.

हवेतली कार्बन डायऑक्साइडची वाढ जीवाश्म इंधनांमुळेच कशावरून, असं कुणी विचारलं तर दोन्ही समस्थानिक मिळून साक्ष देतात. कोळसा-तेल कोट्यवधी वर्षांचं जुनं, त्यात कार्बन-१४ शून्य. त्यामुळे चाचण्या सुरू व्हायच्या आधीच हवेतला कार्बन-१४ पातळ होत चालला होता. १९५५ मध्ये हान्स झ्यूसने ते दाखवलं. आता कुणी म्हणेल, ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. नसतो, पण त्यात कार्बन-१३ ची तूट फार कमी, हजारी ५ च्या आसपास. हवेतला कार्बन-१३ घसरतोय तो झाडांच्या दिशेने. म्हणजे जळतंय ते कधीकाळी झाड होतं.

अणुरेणू (धागाकर्ता)

ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. मनावर घ्याच.

चिंतातुर_जंतू_२

अवांतर: झाडांतून प्राण्यांत म्हणजे आपल्यातही आलाच की कार्बन-१४. किती?

गणिती_गोगलगाय

७० किलोच्या माणसात साधारण १६ किलो कार्बन. ग्रॅममागे मिनिटाला १३.६ ऱ्हास, म्हणजे सेकंदाला ०.२२६. गुणाकार केला की दर सेकंदाला ३६०० च्या आसपास. हे वाचेपर्यंत तुमच्यातल्या काही हजार कार्बन अणूंचा नायट्रोजन झाला.

चिंता नको, त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन फार लेचेपेचे. हवेतसुद्धा वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. शरीरातल्या पोटॅशियम-४० चा मारा याहून जास्त असतो.

वाळूचे_घड्याळ

एक बारीक शंका. कार्बन-१२ बरोब्बर १२, तर मग आवर्तसारणीत १२.०११ का छापतात?

गणिती_गोगलगाय

ती सरासरी. ०.९८९३ गुणिले १२ अधिक ०.०१०७ गुणिले १३.००३३५५ करा, १२.०१०७ येतं. कार्बन-१४ इतका कमी की त्याने शेवटचा आकडाही हलत नाही. आणि वर ताईंनी सांगितलं तसं कार्बन-१३ चं प्रमाण पदार्थागणिक थोडं बदलतं, म्हणून आता कार्बनचं अणुभार मूल्य १२.००९६ ते १२.०११६ असं पट्ट्यातही देतात.

खवचट_खार

तीनच समस्थानिक आहेत की आणखी? मंदगतींनी कार्बन-११ म्हटलं.

मंदगती

बरेच आहेत. कार्बन-८ पासून कार्बन-२२ पर्यंत नोंदलेत, फक्त तीन सोडून बाकी सगळे प्रयोगशाळेतले अल्पजीवी. कार्बन-११ (६ प्रोटॉन, ५ न्यूट्रॉन) धागाकर्त्यांचाच नियम उलट दिशेने पाळतो: त्याचा हलका शेजारी मागे आहे, बोरॉन-११. म्हणून तिथे प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन बाहेर पडतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडून दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सोडतो. पेट स्कॅनमध्ये हेच दोन किरण टिपतात. २० मिनिटांत निम्मा होत असल्याने सायक्लोट्रॉन त्याच आवारात लागतो.

दुसऱ्या टोकाला कार्बन-२२. ६ प्रोटॉनना तब्बल १६ न्यूट्रॉन, अर्धायुष्य काही मिलिसेकंद. त्यातले शेवटचे दोन न्यूट्रॉन केंद्रापासून इतके लांब, सैलसर पसरलेले असतात की त्याला प्रभामंडळी केंद्र म्हणतात. त्यातला एक काढून घेतला तर वाटेल की कार्बन-२१ उरेल. पण कार्बन-२१ बांधला जातच नाही, दुसराही लगेच निसटतो आणि हातात राहतो कार्बन-२०.

खवचट_खार

म्हणजे दोघे असले तर टिकतात, एकटा टिकत नाही, आणि दोघांचंही एकमेकांशी जमत नाही?

मंदगती

अगदी तसंच. दोन न्यूट्रॉन नुसते एकत्र ठेवले तर तेही बांधले जात नाहीत. कार्बन-२० आणि दोन न्यूट्रॉन, या तिघांतले कुठलेही दोघे घ्या, जमत नाही. तिघे एकदम आले तर जमतं. लिथियम-११ चंही हेच: लिथियम-१० बांधला जात नाही, लिथियम-९ आणि लिथियम-११ बांधले जातात. लिथियमवर जरा वाचन झालंय, वेगळा धागा काढतो.

वाळूचे_घड्याळ

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).